गोष्ट तासांवर मोजू नका

पुढचा गेम कुठला खेळावा, या प्रश्नाला आज नाशिकमध्ये मिळणारी बहुतेक उत्तरं भिकार आहेत. प्रश्न विचारणाऱ्याचा दोष नाही. कॉलेज रोडवरच्या कॅफेत, सिडकोतल्या गच्चीवर, रविवारी मिसळ खायला जमलेल्या टोळक्यात हा प्रश्न मी कित्येकदा ऐकलाय. गोळीबाराला कंटाळलेला एखादा पोरगा कळकळीने विचारतो, "दादा, स्टोरी भारी असलेला एखादा आरपीजी सांग ना, पुढे काय टाकू?" मग उत्तरं येतात. "अमुक टाक, एकशे वीस तासांचा आहे." "तमुक घे, सेलमध्ये निम्म्यावर आलाय." "ग्राफिक्स बघ त्याचं, वेडा होशील." पोराने मागितली होती गोष्ट, आणि या तिन्ही उत्तरांत गोष्टीबद्दल चकार शब्द नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. कथेसाठी गेम घ्यायचा असेल तर त्याचं लेखन बघा, आणि लेखन बघायचं म्हणजे एकच विचारा: या गेममध्ये मी एखादा निर्णय घेतला, तर माझ्या हातून काय कायमचं जातं? काहीच जात नसेल, तर तो गेम कितीही देखणा असो, कितीही लांब असो, त्याला कथा नाही. ओळीने मांडलेली कामं आहेत, एवढंच.

तासांचं माप मला सगळ्यांत घातक वाटतं. पुस्तक किलोवर रद्दीवाला घेतो, वाचक घेत नाही. गेम घेताना मात्र चांगली वाचणारी माणसंही "किती तासांचा आहे?" असं बिनदिक्कत विचारतात. या प्रश्नानेच मोठ्या कंपन्यांना भलती सवय लावली. खेळणाऱ्याला तास हवेत ना, मग द्या तास. नकाशा अवाढव्य करा, त्यावर शेकडो ठिपके पेरा, प्रत्येक ठिपक्यावर तीच छावणी, तेच पाच दरोडेखोर, तीच पेटी. खेळणारा महिनाभर ठिपके पुसत बसतो, आणि शेवटी नायकाची बहीण कोण होती हे त्याला आठवत नाही, कारण तिची आणि त्याची गाठ पडून तीन आठवडे झालेले असतात. ही कथा नाही, बिनपगारी हमाली आहे. आणि "पैसे वसूल झाले" म्हणून तिचं कौतुक करणारे लोक पुढच्या खेळणाऱ्याला त्याच हमालीवर पाठवतात.

ग्राफिक्सचं वेड त्याच जातीचं. लाख-दीड लाखाचं मशीन बांधायचं, आणि मग त्या मशीनला शोभेल असा गेम शोधायचा, हा उलटा कारभार झाला. १९९९ मध्ये आलेला 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' घ्या. चित्रं जुनी, बाहुल्या ठेंगण्या, पडद्यावर बहुतांश मजकूर, तोही आठ लाख शब्दांच्या आसपास. एक माणूस प्रेतागारातल्या दगडी फळीवर जागा होतो. त्याला मरण नाही आणि आठवणही नाही. यापूर्वी तो कितीतरी वेळा मेलाय आणि उठलाय, आणि दर खेपेला नव्या माणसासारखा जगलाय. वाटेत भेटणारे लोक त्याला ओळखतात. कुणाला त्याने फसवलेलं असतं, कुणाला बुडवलेलं असतं. हिशेब मागायला सगळे हजर, आणि याला गुन्हाच आठवत नाही. जिथे दुसरे गेम तलवार उपसायला लावतात, तिथे हा बोलायला लावतो. शेवटचा सामनासुद्धा शब्दांनी सोडवता येतो. २०१७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, ती घरातल्या जुन्या लॅपटॉपवर आरामात चालते. तरीही "फारच जुना दिसतो" म्हणून तो नाकारणारे मी पाहिलेत. त्यांना कथा नकोच आहे. तसं सरळ म्हणावं, आणि कथेच्या नावाने सल्ले देत फिरू नये.

तिसरा रोग खेळणाऱ्यांच्या अंगातच मुरलाय. निर्णय घेतला, परिणाम वाईट झाला, की लगेच मागचा सेव्ह लोड करायचा. त्याहून वाईट म्हणजे खेळायला बसण्याआधीच "बेस्ट एंडिंग कसं मिळवायचं" हे शोधून, त्या यादीबरहुकूम उत्तरं निवडत जायचं. अशांना माझा थेट सवाल आहे. निर्णय दुसऱ्याचा, चूक कधीच नाही, पश्चात्ताप कधीच नाही, मग खेळलं कोण? रोल-प्लेइंग गेमचा अर्थच दुसऱ्याचं आयुष्य काही काळ अंगावर घेणं असा आहे. आपल्या पेठ-सुरगाण्याकडे बोहाड्यात संबळाच्या तालावर देवादैत्यांची सोंगं रात्रभर नाचतात. लाकडी मुखवट्याचं ओझं चेहऱ्यावर घेऊन माणूस उभा राहतो, आणि नाच अर्धवट टाकून "हे सोंग जमलं नाही, दुसरं द्या" असं म्हणत नाही. घेतलं ते निभावतो. हातात माउस धरणाऱ्याने एवढी तरी हिंमत दाखवावी.

चांगलं लेखन म्हणजे काय, ते दाखवायला मी 'पेंटिमेंट' पुढे करतो. ऑब्सिडियन कंपनीतल्या एका छोट्या चमूने जॉश सॉयरच्या दिग्दर्शनाखाली तो केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आणला. काळ १५१८, जागा बव्हेरियातलं टासिंग नावाचं काल्पनिक गाव. गावावर मठाची सत्ता. आंद्रेआस हा तरुण चित्रकार मठाच्या लेखनशाळेत हस्तलिखितं रंगवतो आणि एका शेतकऱ्याच्या घरी राहतो. एके दिवशी गावात आलेल्या सरदाराचा खून होतो, आणि आंद्रेआसच्या म्हाताऱ्या गुरूवर आळ येतो. गुरूला वाचवायचं तर दुसरा गुन्हेगार दाखवावा लागेल. हातात दिवस मोजके. एक धागा धरला की दुसरा सुटतो. जेवायला कुणाच्या घरी बसायचं, हाही निर्णयच, कारण जेवताजेवताच बातम्या कळतात, आणि एका घरी बसलात की दुसऱ्या घरची गोष्ट राहून जाते.

संशयितांत एक विधवा म्हातारी आहे, ओटिलिया. नवरा गेला, मुलं जगली नाहीत, आता राहतं घरही जायच्या बेतात आहे. ती जहाल बोलते, देवाधर्माला मानत नाही, गावाला नकोशी झालीय. तिच्याकडे बोट दाखवणं सगळ्यांत सोपं. दुसरीकडे मठातले वजनदार लोक आहेत, त्यांच्याविरुद्ध पुरावा आहे पण तो पुरता नाही. शेवटी न्याय करायला आलेल्या धर्माधिकाऱ्यासमोर तुम्ही जे बोलाल त्यावर एकाचा जीव जातो, तुमच्या डोळ्यांदेखत. आणि खरा खुनी कोण होता, हे गेम तुम्हाला ठामपणे कधीच सांगत नाही. पुढे गोष्ट १५२५ च्या शेतकरी उठावात जाते, मग १५४३ मध्ये. ज्यांच्या घरी तुम्ही जेवलात त्यांची पोरं मोठी झालेली असतात. त्यांना सगळं आठवत असतं.

यात महागडं ग्राफिक्स कुठेच नाही. चित्रं जुन्या पोथीतल्यासारखी सपाट. पण बोलणाऱ्यागणिक अक्षराचं वळण बदलतं. शेतकऱ्याचं अक्षर गबाळं, भिक्षूचं घोटीव, छापखानेवाल्याचं तर शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेलं. आंद्रेआसला एखाद्या माणसाची खरी विद्वत्ता कळली की त्या माणसाचं अक्षरही बदलून जातं. एखाद्याकडे आपण कुठल्या नजरेने बघतो, हे नुसत्या अक्षरातून दाखवणारा लेखक-दिग्दर्शक मला दीडशे तासांच्या दहा नकाशांपेक्षा मोठा वाटतो.

मोठ्या, खर्चिक गेममध्ये असं लेखन होऊ शकत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. २०१५ चा 'द विचर ३' अवाढव्य आहे, पण तो टिकला तो वेलेनच्या दलदलीतल्या जहागीरदारामुळे. हा गडी दारू पिऊन बायकोला मारणारा. बायको आणि मुलगी घर सोडून गेल्यात, आणि हा त्यांना शोधून द्या म्हणून गयावया करतोय. अशा घरांची गोष्ट आपल्याकडे कुणाला नवीन नाही. खेळणारा आधी त्याचा तिटकारा करतो, मग त्याच्या मेलेल्या अर्भकाचा अंत्यविधी त्याच्याच हातून करवून घेतो आणि गोंधळात पडतो. पुढे एका टेकडीखाली झाडात कोंडलेला आत्मा सुटका मागतो. सोडलंत तर अनाथ पोरं वाचतात, पण एक गाव मरतं, बायको दगावते आणि जहागीरदार गळफास घेतो. मारलंत तर पोरं जातात, बायको जगते पण तिचं भान हरपतं, आणि तो तिला घेऊन दूर डोंगरातल्या वैद्याकडे निघतो. इथे 'बेस्ट एंडिंग' नाही. मी जे केलं ते केलं, आणि त्याचा जाब मला द्यावा लागला. कथा म्हणतात ती याला.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण दोष एकट्या पोरांचा नाही. घरातली शहाणीसुरती, ग्रंथालयाची वर्गणी भरणारी, नाटकाचं तिकीट काढणारी माणसं 'गेम' म्हटलं की तोंड वाकडं करतात. त्यांच्या लेखी मोबाइलवरची रमी, पबजी आणि 'पेंटिमेंट' एकाच पिशवीतले. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत एक मंत्री मोबाइलवर रमी खेळत असल्याच्या आरोपावरून गदारोळ झाला, तेव्हा घराघरांत "बघा, हे गेम" असंच बोललं गेलं. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्या कायद्यानेसुद्धा पैसे लावून खेळायचे गेम वेगळे काढले आणि त्यांवर बंदी घातली. बाकीच्यांना त्या पंगतीत बसवलं नाही. सरकारी मसुद्याला जो फरक कळतो तो वाचनसंस्कृतीची काळजी वाहणाऱ्या मंडळींना कळू नये, याची मला चीड येते. पोरगा तीन तास रमी खेळतोय की तीन तास एका विधवेच्या जिवाचा निर्णय उरावर घेऊन बसलाय, हे त्याच्या खांद्यामागे उभं राहून दोन मिनिटं पाहिलं तरी समजतं. पण तेवढंही न पाहता बोलायचं, आणि वर "हल्लीची मुलं वाचत नाहीत" म्हणायचं. ती वाचतात. लाखो शब्द वाचतात. तुम्हाला ते वाचन म्हणून मोजायचं नाही.

या तुच्छतेची किंमत कोण मोजतंय? हे शहर मोजतंय. निवडीच्या गोष्टींनी नाशिक काठोकाठ भरलंय, आणि आपण त्यांतली एकही अशा रूपात मांडली नाही.

२१ डिसेंबर १९०९ ची रात्र घ्या. विजयानंद थिएटरात देवलांच्या 'शारदा'चा प्रयोग. कलेक्टर जॅक्सनची मुंबईला बदली झालीय, त्याच्या निरोपाचा हा समारंभ. जॅक्सन संस्कृत जाणणारा, विद्वानांत ऊठबस करणारा, आणि त्याच वर्षी बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्यावर पाठवणारा खटला याच जिल्ह्यात उभा राहिलेला. प्रेक्षागृहात विशीही न गाठलेला अनंत कान्हेरे पिस्तूल घेऊन बसलाय. जॅक्सन आत येतो, गोळ्या सुटतात. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे फासावर जातात. मधल्या चार महिन्यांत नाशिकच्या गल्ल्यांत काय घडलं असेल? झडत्या, अटका, जबान्या. आता खेळणाऱ्याला कान्हेरे करू नका. त्याला कलेक्टर कचेरीतला कारकून करा. साहेबाने त्याला संस्कृत ग्रंथांची यादी करायला दिलीय, साहेब त्याच्याशी माणसासारखा वागलाय, आणि त्याचा धाकटा भाऊ रात्री कुठे जातो हे त्याला माहीत आहे. फौजदार दारात उभा आहे. बोला, काय सांगाल? भावाला वाचवाल तर दुसऱ्याचा मुलगा आत जाईल. खरं बोलाल तर आईला तोंड कसं दाखवाल? गप्प राहाल तर नोकरी जाईल, आणि कदाचित भाऊही. टासिंगपेक्षा हे तसूभरही कमी नाही.

किंवा २ मार्च १९३०. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू होतो. चारही दरवाजे बंद, बाहेर सत्याग्रही बसलेले, दादासाहेब गायकवाड आघाडीवर. ही लढाई पाच वर्षं चालली, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पाच वर्षं म्हणजे किती घरांत किती निर्णय! पंचवटीतला दुकानदार कुणाला सामान द्यायचं ठरवतो. गावाकडून आलेली बाई लेकराला घेऊन दरवाजाशी बसायचं की मजुरी बुडेल म्हणून परत फिरायचं, हे ठरवते. बाबूराव बागूल इथलेच, विहितगावचे. माणसाला जात चोरून जगावं लागतं तेव्हा त्याच्या एकेका वाक्यावर काय टांगलेलं असतं, हे त्यांनी १९६३ मध्येच मराठी कथेत मांडून ठेवलंय. निवड आणि किंमत, हेच तर या प्रकाराचं मूळ भांडवल. ते आपल्या घरात पडून आहे, आणि आपण दुसऱ्यांच्या दरोडेखोरांच्या छावण्या मोजतोय.

आता सगळ्यांत नाजूक जागी येतो. संवाद स्किप करणाऱ्या पोरांवर मीही चिडतो. पण त्यांतल्या अनेकांना चिडून बोलणं अन्यायाचं आहे. दिंडोरी-पेठच्या मराठी शाळेतून शिकून नाशकात आलेला मुलगा 'डिस्को एलिझियम' उघडतो. एस्टोनियातल्या लेखकांनी रचलेला, २०१९ चा हा गेम सुमारे दहा लाख शब्दांचा. त्यात दारूने स्मृती गमावलेल्या पोलिसाच्या डोक्यात त्याचीच कौशल्यं आपसांत भांडतात: तर्क एक सांगतो, सहानुभूती दुसरं, आणि धमकवायची खुमखुमी तिसरंच. हे सगळं वळणावळणाच्या, टोमण्यांच्या, तत्त्वज्ञानाच्या इंग्रजीत. त्या मुलाला बुद्धी कमी नाही. तो त्या पोलिसाला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ओळखेल, कारण मोडलेलं गाव आणि बंद पडलेला कारखाना त्याने पाहिलाय. पण तिसऱ्या परिच्छेदाला त्याचा दम संपतो आणि बोट स्किपवर जातं. मग तो गोळीबाराकडे परत वळतो, आणि आपण म्हणतो याला कथेची आवड नाही.

हाच गेम पोलिशमध्ये खेळता येतो, तुर्कीत येतो, कोरियनमध्ये येतो. 'द विचर ३' हंगेरियन आणि चेकमध्येही आहे. ज्या स्टीमवरून आपण हे सगळं विकत घेतो, ते स्टीम बल्गेरियनमध्ये चालतं. भारतातल्या एकाही भाषेत नाही. पोलंडची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख. म्हणजे संख्येचं कारण खोटं आहे. "मराठीत कोण खेळणार" हे वाक्य उच्चारणाऱ्याने पोलंडचा इतिहास तरी वाचावा.

नव्वदच्या दशकात पोलंडच्या बाजारांत चोरीच्या सीडींचा सुळसुळाट होता, अगदी आपल्याकडच्यासारखाच. मार्चिन इव्हिन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोघांनी १९९४ मध्ये सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली, ती परदेशी गेम विकायला. १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा शब्दांनी खच्चून भरलेला रोल-प्लेइंग गेम पूर्ण पोलिशमध्ये आणला. नावाजलेल्या पोलिश नटांचे आवाज घेतले. खोक्यात नकाशा घातला, नियमांचं पुस्तक घातलं, संगीताची सीडी घातली, म्हणजे चोरीचा माल त्यापुढे फिका पडावा. पहिल्याच दिवशी अठरा हजार प्रती गेल्या. भाषांतर जमलं, वाचक मिळाला, पैसा आला, हात बसला. मग त्यांनी आपल्याच भाषेतला लेखक उचलला. आंद्रे सॅपकोव्हस्कीची पहिली विचर-कथा १९८६ मध्ये एका पोलिश मासिकात आली होती. त्या कथांच्या जगावरून २००७ मध्ये पहिला गेम निघाला, आणि तिसऱ्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या. मासिकातली कथा, मग भाषांतराचा सराव, मग स्वतःचा गेम, अशी ती वाट आहे. मराठीत मासिकं होती, आहेत. नारायण धारपांना रात्र रात्र जागून वाचणारी भाषा आहे ही. वाटेची पहिली पायरी आपल्याकडे शंभर वर्षांपासून बांधलेली आहे, आणि दुसरीवर पाय ठेवायला कुणी तयार नाही.

प्रयत्न अजिबातच नाहीत, असं मी म्हणत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, आणि आपल्या कथा-शिल्पांवर जगाने पाहावा असा गेम इथे होऊ शकतो हे सिद्ध केलं. पण तो उड्यांचा आणि लढाईचा गेम आहे. बोलण्यातून, निर्णयातून पुढे सरकणारा मोठा मराठी गेम अजून व्हायचाय.

तंत्राची सबब आता कुणी सांगू नये. एके काळी ती खरी होती. गेम बनवायच्या साधनांत देवनागरी टाकली की पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची, 'स्त्री'चे तीन तुकडे व्हायचे, रफार हवेत लटकायचा. हौसेने मराठी टाकायला गेलेल्या पोरांचा उत्साह तिथेच मरायचा. २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये जोडाक्षरं नीट जुळतात, आणि गोडो फुकट आहे. नुसती शब्दांची, फाट्याफाट्यांची गोष्ट लिहायची तर ट्वाइन आहे, इंक आहे, दोन्ही फुकट. त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांना १९१२ मध्ये कॅमेऱ्यासाठी लंडन गाठावं लागलं, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकाव्या लागल्या, सरस्वतीबाईंना रात्री फिल्म धुवायला बसावं लागलं. मग 'राजा हरिश्चंद्र' झाला, आणि त्यानंतर त्यांनी चित्रनिर्मितीचं बिऱ्हाड नाशकात आणलं. आज एका लॅपटॉपवर काम भागतं. तरीही काही होत नसेल, तर अडचण यंत्राची नाही, मनाची आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, कमानी उभ्या राहिल्या. मला त्या दर्जाचा अभिमान आहे, आणि म्हणूनच विचारतो. सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या भाषेत निर्णय घ्यायला लावणारी गोष्ट त्या दर्जातून कधी निघणार? नाशिकला सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. कुसुमाग्रजांचं गाव म्हणून आपण मिरवतो. मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये इथे चौऱ्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं, तेही विज्ञानकथा लिहिणाऱ्या जयंत नारळीकरांच्या अध्यक्षतेखाली. भाषांतर करू शकणारी माणसं, संहिता लिहू शकणारी माणसं, आवाज देऊ शकणारे नट, प्रोग्रॅमिंग शिकलेली आणि नोकरीच्या शोधात पुण्याला जाणारी पोरं, सगळे याच शहरात आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवणारं कुणी नाही.

म्हणून माझी शिफारस स्पष्ट आहे. पुढचा गेम 'पेंटिमेंट'. लहान आहे, साध्या मशीनवर चालतो, आणि शेवट करून उठाल तेव्हा तुमच्या निर्णयाने मेलेल्या माणसाचं नाव तुम्हाला पाठ असेल. त्यानंतर 'डिस्को एलिझियम', इंग्रजी झेपत असेल तर. मग 'द विचर ३', नकाशावरचे ठिपके सोडून, फक्त माणसांच्या गोष्टी धरून. इतिहासाची आवड असेल तर चेक लोकांचा २०१८ चा 'किंगडम कम: डिलिव्हरन्स', ज्यात १४०३ च्या बोहेमियातल्या लोहाराच्या पोराला अक्षरओळखही नसते आणि लेखनिकाकडे जाऊन ती शिकावी लागते. मागचा सेव्ह लोड करायचा नाही. एंडिंग आधी शोधायचं नाही. घरात इंग्रजी न झेपणारा धाकटा भाऊ असेल, तर त्याला शेजारी बसवून प्रत्येक संवाद मराठीत सांगायचा आणि निर्णय त्याला घेऊ द्यायचा.

आणि ज्यांना लिहिता येतं, त्यांना माझं उघड आवाहन आहे. एकांकिकेची संहिता तुम्ही एका महिन्यात लिहिता. त्याच ताकदीने दोन तासांची एक फाट्यांची गोष्ट मराठीत लिहा, त्या कलेक्टर कचेरीतल्या कारकुनाची लिहा, फुकटच्या साधनात बसवा आणि लोकांपुढे ठेवा. ती ओबडधोबड निघेल. निघू दे. पोलंडने दुसऱ्याचा गेम आपल्या भाषेत आणून सुरुवात केली, आपण आपल्याच गावाच्या गोष्टीने करू. आठ कोटींहून अधिक माणसांच्या भाषेने "पुढे काय खेळू" हा प्रश्न कायम परक्याच्या दुकानात जाऊन विचारावा, हे मला मान्य नाही, आणि ज्याला हे मान्य आहे त्याने मराठीच्या भवितव्यावर भाषणं ठोकणं बंद करावं.